पोट्ट्यांचे प्रश्न कुठं जातात?



या पानावर आपण पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, बोंडअळी, खताचे डोस असंच बोलत असतो. आजचा विषय पोरांच्या शाळेचा आहे. पण तोही वावरातूनच आला, म्हणून इथंच लिहितो. थोडं लांब होईल, सवडीनं वाचा.

तीन हंगाम झाले, मी एक वही ठेवतो. पुढच्या पानांवर पाऊस, फवारणी, मजुरी, खर्च. मागच्या पानांवर पोरं वावरात जे प्रश्न विचारतात ते. पोरं म्हणजे माझी मुलगी, ती दुसरीत आहे. पुतण्या, तो आठवीत. आणि वेचणीला येणाऱ्या बायांच्या मागं येणारी पोडावरची लेकरं. गंमत म्हणून सुरू केलं होतं. आता ती मागची पानं मी पुढच्या पानांएवढीच वाचतो.

त्यातले काही प्रश्न जसेच्या तसे देतो:

“पऱ्हाटीचं फूल काल पांढरं होतं, आज गुलाबी काहून झालं?”

“सोयाबीनच्या मुळाले ह्या गाठी कायच्या? रोग हाय काय?”

“रात्री तुरीचे पानं मिटतात. तूर झोपते काय?”

“मिरगाचा लाल किडा वर्षभर कुठं राहाते?”

कृषी सहायक किंवा विद्यापीठातले कोणी वाचत असतील तर त्यांना कळेल की यातला एकही प्रश्न पोरकट नाही. फूल गुलाबी झालं म्हणजे ते काल उमललेलं. फुलाचं वय ओळखायची ती खूण आहे. मुळावरची गाठ नखानं फोडली आणि आतून लालसर निघाली तर तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र पकडत आहेत, पीक आपलं खत आपणच बनवतंय. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम नीट चालू नाही. युरियाचं पोतं उचलायच्या आधी हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. सात वर्षांची पोरगी तो फुकटात विचारते.

वहीत आणखी एक गोष्ट दिसते. प्रश्न विचारणाऱ्याचं वय मी बाजूला लिहितो. पाच ते आठ वर्षांच्या पोरांचे प्रश्न पानंच्या पानं आहेत. नऊ-दहानंतर कमी होत जातात. पुतण्याच्या नावापुढं गेल्या हंगामात जे थोडे प्रश्न आहेत, त्यातला एक असा: “काका, हे परीक्षेत येते काय?”

मिरगाच्या किड्याचीच गोष्ट घ्या. पहिला दमदार पाऊस झाला की काळ्या मातीत लाल मखमलीचे ठिपके चालायला लागतात. मुलीनं एक तळहातावर घेतला आणि पाय मोजले. म्हणाली, “आठ हायेत.” पुतण्या म्हणाला, “किड्याले सहाच पाय राहातात. पुस्तकात देल्लं हाय.” ती म्हणाली, “तू मोजून पाय ना.” त्यानं मोजले नाहीत. त्याला उत्तर पाठ होतं, मग मोजायचं कशाला?

आता गंमत अशी की दोघंही बरोबर होते. कीटकाला सहाच पाय असतात, पुस्तक खोटं बोलत नाही. आणि त्या जिवाला आठच होते. कारण आपण त्याला किडा म्हणत असलो तरी तो कीटक नाहीच, कोळ्याच्या गोतातला आहे. एरवी जमिनीत राहतो, पावसानं उधई बाहेर निघते तेव्हा तिला खायला वर येतो. पुस्तकातलं ज्ञान पुतण्याजवळ होतं, डोळे मुलीजवळ होते. दोन्ही एका डोक्यात असते तर त्याच जागी शोध लागला असता, “सहा नाहीत म्हणजे हा किडा नाही, मग हा कोण?” शाळेनं जे द्यायचं ते दिलं होतं. देता देता दुसरं काहीतरी काढून घेतलं होतं.

मला शंका आली की हे शाळेमुळं होतं की वयामुळं? पोरगं मोठं झालं की असंही गप्प होतं. म्हणून मी पुतण्यावर नजर ठेवली. बॅटरीचा पंप बिघडला तर तो पठ्ठ्या सगळा खोलून बसतो. मोटार का गरम झाली, नोझलचं छिद्र मोठं झालं तर एकरी पाणी किती वाढतं, अशी प्रश्नांची रांग लावतो. मोबाईलचं तर विचारूच नका. म्हणजे प्रश्न मेलेले नाहीत. ते पुस्तकापासून दूर पळाले आहेत. वय हे कारण असतं तर पंपापुढंही तो गप्प बसला असता.

असं का होतं, याचा मी माझ्यापुरता विचार केला. वावरात प्रश्न पोराचा असतो आणि मोठा माणूस अडखळतो. शाळेत उलटं. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं आणि पोराला फक्त ते जुळवून दाखवायचं असतं. वर्षानुवर्षं असंच चाललं की पोराला वाटायला लागतं, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही तो प्रश्न बिनकामाचा. त्यात चुकलं तर गुण जातात, वर्ग हसतो. गप्प राहिलं तर काहीच जात नाही. पोरं हुशार असतात, स्वस्तातला सौदा लगेच ओळखतात.

यात गुरुजींना झोडपायचं नाही. खेड्यातल्या कितीतरी शाळांत दोन गुरुजी आणि चार-पाच वर्ग असतात. वरून पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाईन माहिती, सर्वेक्षण, निवडणुकीचं काम. अशा माणसानं तीस पोरांचे तीनशे प्रश्न ऐकायचे कधी? आणि परीक्षेत नसलेल्या प्रश्नावर तास घालवला तर पालकच विचारायला येतात, “गुरुजी, पाठ कुठवर आला?”

आमच्या झरी जामणीत याला आणखी एक पदर आहे. इथं वेचणीच्या तासांत मराठी, कोलामी, गोंडी, तेलुगू सगळं ऐकू येतं. पैनगंगेच्या पलीकडं तेलंगणा. कोलामी बोलणारं लेकरू पोडावरून पहिलीत येतं तेव्हा त्याच्या डोक्यात केवढं भांडार असतं. मोह कधी फुलतो, चारोळी कुठं मिळते, कोणत्या झाडाचा डिंक चालतो, पावसाआधी मुंग्या काय करतात. पण हे सगळं कोलामीत असतं. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, तेलुगू-गोंडीच्या नात्यातली. मराठीची बोली नव्हे. बर्कले विद्यापीठातले एम. बी. एमेनो यांनी वर्ध्याकडच्या कोलामांचं बोलणं ऐकून तिचं व्याकरण १९५५ साली छापलं. म्हणजे परदेशातल्या विद्यापीठानं जिच्यावर पुस्तक काढलं, ती भाषा बोलणारं पोरगं आपल्या वर्गात ‘बोलतच नाही’ म्हणून मागच्या रांगेत बसतं.

माझ्या वहीतला एक प्रश्न अशाच एका पोरीचा आहे. आईच्या पाठीमागं फिरता फिरता तिनं एक न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल तोडून आणलं आणि कोलामीत काहीतरी विचारलं. आईनं मराठीत सांगितलं, “हे फूल उघडत काहून नाही म्हणते.” मंडळी, ती डोमकळी होती. आत गुलाबी बोंडअळी. जी ओळखायला आपण प्रशिक्षणं घेतो, ती शाळेचं तोंडही न पाहिलेल्या पोरीनं नुसत्या नजरेनं वेगळी काढली होती. हीच पोरगी दोन वर्षांनी वर्गात विचारणार कोणाला आणि कोणत्या भाषेत? राज्यघटनेच्या कलम ३५० क मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्य तितकं मातृभाषेतून शिकवावं असं आहे. पोडापर्यंत ते किती पोहोचलं, ते इकडचे सगळे पाहतात.

आता कोणी म्हणेल, पोरांच्या प्रश्नांचं एवढं काय? पोट भरते काय त्यानं?

भरतं. आणि न विचारण्यानं जीवही जातो. २०१७ चा हंगाम आपल्या जिल्ह्यातलं कोणी विसरणार नाही. फवारणी करता करता विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कारणं बरीच होती. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, अंगावर ना मास्क ना हातमोजे. हे शाळेमुळं झालं असं म्हणणं मूर्खपणा होईल. पण त्या साखळीतल्या प्रत्येक कडीवर एक प्रश्न विचारायला जागा होती. कीड आहे तरी कोणती? किती आहे? डब्यावरचा तिकोन लाल आहे की पिवळा? ही दोन औषधं एकत्र चालतात का? वारा कुठून आहे? दुकानाच्या काउंटरवर मात्र आपला एकच प्रश्न असतो, “कोणतं औषध मारू?” हा प्रश्न दिसायला प्रश्न आहे, खरं तर ती उत्तराची मागणी आहे. गाईडातलं उत्तर मागावं तशी. ही सवय आपल्याला कुठंतरी लागलेली आहे.

ती मोडायला पुन्हा एक शाळाच काढावी लागली. शेतीशाळा. तिची सुरुवात १९८९ साली इंडोनेशियात झाली, भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांसाठी, एफएओच्या मदतीनं. आपल्याकडं कृषी विभाग घेतो त्या शेतीशाळेचं मूळ तिथं. ज्यांनी केली त्यांना पद्धत माहीत आहे. पाच-पाच जणांचे गट करून वावरात जायचं, झाडं निवडायची, किडी मोजायच्या, मित्रकिडी मोजायच्या. मग मोठ्या कागदावर मधोमध झाड काढायचं, एका अंगाला शत्रू, दुसऱ्या अंगाला मित्र, वर ऊन-ढग, खाली ओल. आणि मग ठरवायचं, फवारायचं की थांबायचं. शिकवणारा उत्तर देत नाही, उलट विचारतो, “तुम्हाला काय दिसलं?”

पन्नाशीतली माणसं रंगीत खडू घेऊन ढालकिड्याचं चित्र काढतात. सहाव्या वर्षी जे आपोआप करत होतो, ते चाळीस वर्षांनी प्रशिक्षण घेऊन परत शिकायचं. मधल्या काळात ते असंच चालू राहिलं असतं तर?

हा विचार नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. त्यात खेड्यातल्या शाळेत मोडी, बालबोध, हिशेब यांच्यासोबत शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं आणि प्रत्यक्ष शिकायला शाळेला जोडून लहानसं नमुना शेत असावं, असं त्यांनी मांडलं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींची शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं नई तालीमचा आराखडा केला. टकळी, सूत, शेती यांतून गणित, भूगोल, विज्ञान. आपल्या कापसाच्या मुलखातून निघालेली कल्पना ती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली पोरांसाठी कुरणशाळा चालवल्या. पोरं गुरं सोडून शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथं पोरं हातानं काम करत विज्ञान शिकतात. सेवाग्रामचं आनंद निकेतन आजही त्याच वाटेनं चालू आहे.

मग हे सगळीकडं का पसरलं नाही? सरकारला दोष देणं सोपं आहे. पण आपल्याकडंही बघा. पोरानं शाळेत वाफा केला, खुरपं धरलं, तर पहिले आपणच म्हणतो, “हे कराले शाळेत कायले धाडलं? हे तर घरीच होतं.” आपल्याला शाळा हवी असते ती वावरातून सुटायचा रस्ता म्हणून. आणि ते चुकीचंही नाही. कापसाचा भाव, पावसाचा भरवसा, शेती करणाऱ्या पोराला पोरगी द्यायला कोणी तयार नाही, हे सगळं पाहून कोणता बाप म्हणेल की माझं लेकरू इथंच राहो?

शाळा नसती तर काय होतं तेही आपण पाहिलं आहे. काट्यावर लुबाडणूक, कोऱ्या कागदावर अंगठा, सातबाऱ्यावर भलत्याचंच नाव. आजही पोडावर सातवी-आठवीत गेलेली एखादी पोरगी सगळ्यांची कागदं वाचून दाखवते, बँकेतून आलेला मेसेज समजावून सांगते, औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचते. तिच्या शाळेची किंमत मला चांगली माहीत आहे. पोरांना शाळेतून काढून रानात सोडा असं म्हणणाऱ्यांची स्वतःची पोरं बहुतेक शहरातल्या चांगल्या शाळांत असतात.

म्हणून मला दोन्ही हवं आहे. मुलीला बाहेर जायचा रस्ता हवा, आणि जाताना तिचे प्रश्न सोबत हवेत. डॉक्टर झाली काय, वावरात राहिली काय, दोन्हीकडं तेच कामाला येणार.

हे होऊ शकतं, हे मला यंदा मे महिन्यात दिसलं. घरचं सोयाबीन बियाणं होतं. उगवण तपासायची होती. सुट्टी असल्यानं पोरं घरीच. पुतण्याला सांगितलं, “शंभर दाणे मोजून घे, निवडून नको घेऊ, पोत्यातून जसे हाती येतील तसे.” ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, गुंडाळून सावलीत ठेवलं, रोज पाणी शिंपडलं. मुलगी दिवसातून चारदा उघडून पाहायची. सातव्या दिवशी मोजलं, चांगले कोंब ६४. मी म्हटलं, ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो लागतं, तर मग ६४ ला किती?

त्यानं मातीवर काडीनं मांडलं. ३० गुणिले ७० भागिले ६४. उत्तर आलं ३२.८, म्हणजे जवळपास ३३ किलो. मग कोणी न सांगता त्यानं ते पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा. मग विचारलं, “काका, दुसऱ्या पोत्याचं बी वेगळं निघन काय? त्याचं बी करून पाहू काय?” शेकडेवारी आणि त्रैराशिक त्यानं वर्गात केव्हाच केलं होतं, गुणही होते. पण त्या गणितात चुकलं तर एक गुण जातो. या गणितात चुकलं तर घरचं वावर विरळ उगवतं. जिथं उत्तर कोणालाच आधी माहीत नाही आणि उत्तरावर काही अवलंबून आहे, तिथं पोराचा प्रश्न आपोआप परत येतो. त्या दिवशी “परीक्षेत येते काय” त्यानं विचारलं नाही.

तर मंडळी, खर्च नसलेली चार-पाच कामं सुचवतो. गावात एखादे गुरुजी किंवा बाई उत्साही असतील तर त्यांना घेऊन करा, नसतील तर घरी करा.

उगवण चाचणी वर सांगितलीच. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात, तोवर बऱ्याच पेरण्या होतात, म्हणून हे सुट्टीतलंच काम समजा.

दुसरं, पाऊस मोजणं. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी पट्टीनं मोजायचं. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. मग २५ मिलिमीटर पाऊस पडला तर एकरावर किती पाणी पडलं? लाख लिटरच्या वर जातं. पाचवीच्या पोराला हा आकडा स्वतः काढू द्या, तोंड पाहा त्याचं.

तिसरं, कामगंध सापळे. हेक्टरी पाच म्हणजे एकरी दोन. पोरांनी रोज सकाळी पतंग मोजून कागदावर आलेख काढायचा. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ पतंग आले की धोक्याची पातळी. सरासरी आणि आलेख दोन्ही पुस्तकात आहेतच.

चौथं, बाटलीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवायचं आणि थर बसू द्यायचे. वाळू खाली, चिकणमाती वर. चार वावरांच्या चार बाटल्या ओळीनं ठेवल्या की जमीन जमिनीत काय फरक आहे ते पोरंच सांगतील.

पाचवं, पोडावरच्या पोरांना झाडांची, किड्यांची नावं त्यांच्या भाषेत सांगू द्या आणि तक्त्यावर मराठी नावाशेजारी लिहा. त्या दिवशी गुरुजी शिकणारे आणि पोरगं शिकवणारं.

एक अट मात्र पक्की. फवारणी चालू असलेल्या किंवा नुकतीच झालेल्या वावरात लेकरू पाय ठेवणार नाही. औषधाच्या डब्याला, पंपाला हात नाही. पंप खोलायचा शौक असलाच तर आधी मोठ्या माणसानं तो स्वच्छ धुवायचा. आणि हे शिकणं म्हणजे पोराला मजुरीला लावणं नव्हे. वेचणीच्या दिवसात शाळा बुडवून पोरगं कपाशीत दिसलं तर त्याला ‘अनुभवातून शिक्षण’ असं गोंडस नाव देऊ नका.

शेवटी, ज्याला यातलं काहीच जमत नाही त्याच्यासाठी एक काम. लेकरानं काही विचारलं आणि उत्तर ठाऊक नसलं तर “चूप बस” ऐवजी “चाल, पाहून येऊ” म्हणा. दोन मिनिटं जातात. डवरणीच्या घाईत तेवढी निघतात.

विद्यापीठातले आणि कृषी विज्ञान केंद्रातले जे कोणी हे वाचतात त्यांच्यासाठी मुलीचा एक प्रश्न वहीतून उतरवून देतो, कारण माझ्याकडं त्याचं उत्तर नाही. तिनं या पावसाळ्यात मोजलं तेव्हा मिरगाचे किडे धुऱ्यावर जास्त होते आणि पऱ्हाटीच्या तासांत कमी. “वावरातले कुठं गेले?” असं ती विचारते. फवारणीमुळं की नांगरटीमुळं की आणखी कशामुळं, ते जाणकारांनी सांगावं. पुढच्या मिरगात आम्ही पुन्हा मोजणार आहोत. तुमच्या पोरांनाही मोजायला सांगा, आकडे जुळवून पाहू.